'आज असता तर...'

नोव्हेंबर आला की आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो. म्हाताऱ्या माणसांच्या कबरींपाशी आपण जुन्या गोष्टी काढतो, क्वचित हसतोही. तरुणाच्या कबरीपाशी मात्र एकच वाक्य हमखास निघते : 'आज असता तर...' नोकरीला लागला असता, लग्न झाले असते, मुले शाळेत जात असती. आम्हीही असे पुष्कळदा म्हटले आहे. एका नौकानयनपटूविषयी वाचताना मात्र प्रश्न पडला, की असे म्हणताना आपण नेमके कोणाला आठवत असतो?

त्याचे नाव फ्रेडरिक सेप्टिमस केली. जन्म १८८१ साली सिडनीचा, शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात. केंब्रिजविरुद्धच्या १९०३ च्या शर्यतीत तो ऑक्सफर्डच्या होडीत होता. ती शर्यत ऑक्सफर्ड हरले. एकट्याने होडी वल्हवण्यात मात्र त्याची बरोबरी करणारे थोडे होते. टेम्स नदीवर हेन्ली येथे होणारी 'डायमंड स्कल्स' त्याने १९०२, १९०३ आणि १९०५ अशी तीनदा जिंकली. १९०५ साली दोन किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर त्याने ८ मिनिटे १० सेकंदांत कापले. तो विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या होडीत त्याला सुवर्णपदक मिळाले.

त्यानंतर त्याने वल्हे बाजूला ठेवले आणि संगीताला वाहून घेतले. तो पियानो वाजवीत असे, रचना करीत असे. म्हणजे जग ज्यासाठी त्याला ओळखत होते, ते त्याच्या लेखी मागे पडले होते.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला. त्याच्याच तुकडीत रूपर्ट ब्रुक हा तरुण कवी होता. २३ एप्रिल १९१५ रोजी, रक्तात विष पसरून, ब्रुक २७ व्या वर्षी वारला. ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर जैतुनाच्या झाडांखाली त्याच रात्री त्याला पुरले. बाकीचे परत निघाले तेव्हा केली आणि आणखी काही मित्र मागे थांबले, आणि त्यांनी कबरीवर संगमरवराचे दगड रचले. पुढे गॅलिपोलीच्या लढाईच्या काळात केलीने या मित्रासाठी तंतुवाद्यांची एक शोकरचना लिहिली. कबरीवर झुकलेल्या जैतुनाच्या पानांची सळसळ तिच्यात उतरावी, असा त्याचा प्रयत्न होता.

१३ नोव्हेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये बोकूर गावाजवळ एका मशीनगनवर चाल करून जाताना केली मारला गेला. वय ३५. ऑलिंपिकच्या त्या होडीतले, सुकाणूवाला धरून, नऊ जण. त्यांतले तिघे या युद्धात गेले.

आता 'जगला असता तर केवढा संगीतकार झाला असता' असे म्हणणे सोपे आहे. तसे म्हणण्यात प्रेम असते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यात एक अन्यायही होतो. जे आयुष्य तो खरोखर जगला, ते आपण नुसता विसार ठरवतो, जणू व्यवहार पुढे व्हायचा होता. आणि जो आपल्याला आठवतो तो कधी नव्हताच. तो आपणच रंगवलेला असतो. १९०५ ची ती ८ मिनिटे १० सेकंद पुढच्या कशाची तयारी नव्हती. ती शर्यत तिथेच पुरी झाली होती.

मग त्याचे आयुष्य पूर्णच होते, असे म्हणावे का? तेही आम्हाला जमत नाही. तरुण मुलगा गमावलेल्या आईला 'त्याचे आयुष्य तेवढ्यात पूर्ण झाले' असे सांगायला जाऊ नये. तिचे काय हिरावले गेले ते तिलाच ठाऊक. केलीकडून त्या गोळीने जे हिरावले, ते हिरावलेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

अशा घरी गेलो की आपले लक्ष कपाटावरच्या चषकाकडे जाते. आईला विचारावे, तर ती चषकाविषयी फारसे बोलत नाही. तो भात कसा कालवायचा, धाकट्या बहिणीला काय म्हणून चिडवायचा, कशावरून रुसायचा, हे सांगते. 'असता तर' हे शब्द बहुधा आपल्या तोंडून निघतात, तिच्या नव्हे.

ब्रुकसाठी लिहिलेली ती रचना आजही वाजवली जाते. वाजायला ती फार वेळ घेत नाही. त्याच्या त्या शर्यतीला लागला होता, जवळपास तेवढाच.