बाजारात उभी असलेली माणसे

शास्त्रपाठ : मत्तय 20:1-16



द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे. त्यावरील उपदेशांचा भर बहुधा धन्याच्या औदार्यावर असतो, नाहीतर पहाटेपासून राबलेल्या मजुरांच्या कुरकुरीवर. या महिन्यात आपण त्याच दाखल्यातील निराळ्या माणसांकडे पाहू. दिवस मावळायला एकच तास उरला आहे आणि बाजारात अजून काही माणसे रिकामी उभी आहेत. दिवसभर असे का उभे राहिलात, असे धनी त्यांना विचारतो. आपल्याला कोणी कामावर घेतलेच नाही, एवढेच ते सांगतात. धनी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो. त्यांची उलटतपासणी तो करीत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातील आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आपल्या लोकांना हे उत्तर चांगले ओळखीचे आहे. बल्लारशाहून काजीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कागजनगर लागते. या गावाचे जुने नाव कोत्तपेट. निजामाच्या राज्यात 1938 साली सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली, 1942 पासून कागद निघू लागला, आणि कागदावरूनच गावाला नवे नाव पडले. रानातला बांबू व लाकूड आत जाई आणि कागद होऊन बाहेर पडे. सत्तर वर्षांहून अधिक काळ गावाचा दिवस गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे उगवला आणि मावळला. मग 2014 च्या सप्टेंबर महिन्यात, तोट्यात व कर्जात सापडलेली ही गिरणी बंद पडली. कागजनगर त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 2016 च्या ऑक्टोबरात जिल्ह्याची विभागणी झाली तेव्हा ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. पुढे कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे चालले, आणि 2018 साली जे. के. पेपर या कंपनीने ती गिरणी ताब्यात घेऊन पुन्हा सुरू केली.

बंद पडली आणि सुरू झाली, असे आपण एका वाक्यात सांगून टाकतो. परंतु मधली चार वर्षे मोजून पाहा. गिरणी बंद झाली तेव्हा आठवीत असलेली मुलगी ती सुरू होईपर्यंत बारावी होते. त्या चार वर्षांत शाळेची फी थांबत नाही, दवाखाना थांबत नाही, ठरलेले लग्न थांबत नाही. थांबतो तो पगार. वाण्याची उधारी वाढते, आईच्या अंगावरचे दागिने एकेक करून मोडले जातात, बाप परमुलखात मिळेल त्या कामाला जातो. गिरणीच्या मस्टरवर ज्याचे नाव होते त्याला निदान आपण कामगार होतो असे सांगता येते. ठेकेदाराच्या हाताखाली ओझी वाहणारा, फाटकासमोर चहा विकणारा, कामगारांच्या सायकली दुरुस्त करणारा, यांची नावे कोणत्या मस्टरवर होती? गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचीही चूल विझली.

आदिलाबाद शहरात याहून कठीण उदाहरण आहे. सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना तेथे होता. 1998 साली त्याचे उत्पादन थांबले आणि त्यानंतर तेथे सिमेंट तयार झालेले नाही. तो पुन्हा चालू करावा अशी मागणी वर्षानुवर्षे झाली. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली आहेत.

या दोन कारखान्यांपासून आपल्या सांत्वनाच्या शब्दांविषयी काही शिकण्यासारखे आहे. काम गेलेल्या भावाला भेटल्यावर, काळजी करू नका, देव सर्व पूर्ववत करील, असे आपण सहज बोलून जातो. कागजनगरचे फाटक चार वर्षांनी उघडले. आदिलाबादच्या कारखान्याचे उघडले नाही. मग कागजनगरच्या माणसाची प्रार्थना देवाने ऐकली आणि आदिलाबादच्या माणसाची ऐकली नाही, असे म्हणावे काय? असे कदापि म्हणता येणार नाही. देवाने जे वचन दिलेले नाही ते त्याच्या नावाने देण्याचा अधिकार आपल्याला नाही. फाटक उघडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. परंतु धनी बाजारात येतो, आणि दिवसातून पाच वेळा येतो, हे ठाऊक आहे. पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला तो स्वतः उठून येतो. मजूर त्याच्या दारी गेले नाहीत, तोच त्यांच्यापाशी गेला. आपली आशा या येण्यावर उभी आहे.

आता मंडळीने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. काम गेलेला माणूस पहिल्या रविवारी उपासनेला येतो. दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावर बसतो. काही आठवड्यांनी तो दिसेनासा होतो. असे का घडते? पुष्कळदा त्याचे कारण अर्पणाची थाळी असते. थाळी समोर येते, खिशात काही नसते, आणि शेजारी बसलेल्याने ते पाहिले असे त्याला वाटते. उपासना संपल्यावर अंगणात लोक विचारतात, सध्या काय चालले आहे? विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण ऐकणाऱ्याला त्यात आरोप ऐकू येतो. धन्याचा तोच प्रश्न आपणही विचारतो, मात्र त्याच्यासारखे पुढचे वाक्य बोलत नाही. धन्याने विचारले आणि लगेच त्यांना आपल्या मळ्यात पाठवले. आपण विचारतो आणि घरी जातो.

काही जण येथे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे करतात. जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, या अर्थाचे पौलाचे बोलणे तेथे आहे. बंधूंनो, ते पुन्हा लक्षपूर्वक वाचा. पौल इच्छेविषयी बोलत आहे. काम करण्याची इच्छा असून ज्याला काम मिळत नाही, त्याच्यावर हे वचन लावणे म्हणजे शास्त्राचा दगड करून जखमी माणसाला मारणे होय. पौल स्वतः तंबू करणारा होता. करिंथात त्याला अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळे ते दोघे तेथे आले होते. त्यांचा धंदा एकच होता, म्हणून पौल त्यांच्या घरी राहिला आणि तिघे मिळून काम करू लागले (प्रेषितांची कृत्ये 18:1-3). घरदार सोडून आलेल्या कारागिरांच्या त्या घरातून करिंथच्या मंडळीला किती आधार मिळाला हे आपण जाणतोच.

गिरणी आणि कारखाना ही जुन्या पिढीची गोष्ट झाली, आमची मुले संगणकावर काम करतात, असे कोणी म्हणेल. तर तिकडेही पाहू. संगणकावरचे व मोबाईलवरचे खेळ तयार करणे हा आज जगातला मोठा धंदा आहे, आणि आपल्याकडील मुलेही शिकून हैदराबादेस, पुण्यास अशा कामावर जातात. 2020 व 2021 साली महामारीमुळे लोक घरी बसले, खेळांचा खप वाढला, आणि कंपन्यांनी भराभर माणसे घेतली. लोक घराबाहेर पडू लागले, 2022 पासून व्याजाचे दर चढले, भांडवल महाग झाले, तशी कपात सुरू झाली. अमेरिकेतील व्होलिशन ही खेळ बनविणारी संस्था 1993 पासून चालत आलेली होती. तिच्या मालक कंपनीने 2023 च्या ऑगस्टमध्ये ती बंद केली. 2024 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातील 1,900 माणसे कमी केली. तेथे ना धुराडे होते ना फाटक. तरी घरातला चेहरा तोच, जो 2014 साली कागजनगरात होता.

आपल्या देशात 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यानंतर अशा कंपन्यांतील पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. जुगाराने घरे बुडतात, म्हणून या बंदीबद्दल आपण समाधान मानले तर ते योग्यच आहे. पण त्या कंपनीत हिशेब लिहिणारा किंवा चित्रे काढणारा आपल्याच मंडळीतला मुलगा घरी परतला, तर बरे झाले, असे त्याच्या तोंडावर म्हणावे काय? मजूर काल कोणाच्या मळ्यात होते याची चौकशी धन्याने केली नाही. आधी त्याला आपल्या मळ्यात बोलावू या. कोणते काम करावे व कोणते करू नये याचा विचार त्याच्या शेजारी बसून मग करता येईल.

आता दाखल्याचा शेवट पाहा. संध्याकाळी धन्याने कारभाऱ्याला सांगितले की शेवटी आलेल्यांपासून आरंभ करून मजुरी द्यावी. एक तास काम केलेल्याला पूर्ण दिनार मिळाला. दिनार म्हणजे एका मजुराच्या दिवसाची मजुरी, त्याच्या घरची त्या दिवसाची भाकर. बापाला काम मिळाले नाही म्हणून मुलांची भूक कमी होत नाही, हे धन्याला ठाऊक होते. आपले व्यवहार नेमके याच्या उलट चालतात. कारखाना बुडाला की हिशेबात शेवटचा येतो तो ठेकेदाराकडचा मजूर. धन्याच्या हिशेबात तोच पहिला आहे.

मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे (अनुवाद 24:14-15). अडवून ठेवलेल्या मजुरीची आरोळी परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोब बजावतो (याकोब 5:4). देशाच्या कायद्यातही काही तरतूद आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनी मोडीत काढली गेली, तर कामगारांचे आधीच्या चोवीस महिन्यांचे येणे तारण घेतलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरले जाते, आणि भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांची रक्कम इतर देणेकऱ्यांच्या वाटणीत घालता येत नाही. परंतु हक्क कायद्यात लिहिलेला असला तरी कागदपत्रांवाचून तो हाती येत नाही. कोणाच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले असते, कोणाचे बँकेचे खाते बंद पडलेले असते, कोणाला अर्ज लिहिता येत नाही. आपल्या मंडळ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, वकील आहेत. अशा भावाच्या घरी जाऊन एक संध्याकाळ त्याचा अर्ज नीट भरून देणे ही सेवा आहे. प्रार्थनासभेइतकीच ती आवश्यक आहे, आणि प्रार्थनेने आरंभ करूनच ती करावी.

यासाठी चार गोष्टी आम्ही मंडळ्यांपुढे ठेवतो.

पहिली, काम गेल्याचे कळताच त्याच आठवड्यात पाळक व वडीलजन यांनी त्या घरी जावे. त्या भावाने येऊन मागावे याची वाट पाहू नये. धनी स्वतः बाजारात गेला होता.

दुसरी, अर्पणाच्या वेळी पाळकांनी मधूनमधून स्पष्ट सांगावे की ज्याच्याजवळ आज देण्यास काही नाही त्याने निःसंकोच थाळी पुढे द्यावी, त्याची उपस्थिती हेच अर्पण आहे. मंडळीच्या मदतनिधीतून जे द्यावयाचे ते कोणाला न कळेल असे द्यावे.

तिसरी, तरुण संघाने व महिला मंडळाने कामाची बातमी गोळा करावी. कोठे माणूस हवा आहे, कोणाला कोणते कसब येते, हे लिहून ठेवावे. मंडळीतल्या दुकानदारांनी आधी ती वही पाहावी.

चौथी गोष्ट शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी आहे. तुमचे बाबा काय करतात, असे वर्गात सर्वांसमक्ष विचारू नका. सहलीची किंवा नाताळच्या पोशाखाची वर्गणी ज्याने आणली नाही त्याचे नाव मोठ्याने वाचू नका. हा दाखला शिकवताना मुलांना विचारा की पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल. ज्या मुलाचा बाप घरी बसला आहे, तो त्या दिवशी उत्तर देईल. त्याचे शांतपणे ऐकून घ्या.

आणि बंधूंनो, तुमच्यापैकी जे आज स्वतः बाजारात उभे आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो. तुमचे नाव मस्टरवरून गेले असेल. ते देवाच्या पुस्तकातून गेलेले नाही. उपासनेला यायचे सोडू नका. मागच्या बाकावर बसायचे असल्यास तेथे बसा, पण या. अकराव्या तासालाही तो येतो, आणि त्याने यावे तेव्हा त्याचे पाय व त्याचे हात व्हावे, यासाठीच तर मंडळी आहे.

हे प्रभो, तू बाजारात चालत आलास तसे आम्हांलाही चालत जाऊ दे. ज्यांची मजुरी अडली आहे त्यांना न्याय दे, ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांना काम दे, आणि काम मिळेपर्यंत त्यांच्या मुलांची भाकर आमच्या घरात ठेवलेली आहे हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.