आप्तवचन आणि अभियंता

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला संवाद शिकवायचा तो एक कसब म्हणून की आचरणाचा भाग म्हणून, हा प्रश्न अभ्यासक्रमात सहसा उमटत नाही. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. सदस्य देशांनी अधिस्वीकृत केलेले अभियांत्रिकीचे पदवी अभ्यासक्रम एकमेकांशी तुल्य मानावेत, असा हा करार आहे. त्याला धरून पदवीधराकडून ज्या गुणांची अपेक्षा केली जाते, त्यांत नीतिमत्ता आणि संवाद ही दोन वेगळी कलमे आहेत. महाविद्यालयेही ती वेगळीच शिकवतात: नीतिमत्ता एखाद्या तासिकेत, संवाद प्लेसमेंटच्या तोंडावर.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेला ही फारकत मान्य होणार नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्द हे प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन, आहे, पण ते आप्ताचे वचन असेल तरच. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे पाहिले तसेच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा माणूस. ज्ञान आणि सांगण्याची सचोटी यांतले एक जरी नसले, तरी वचनाचे प्रामाण्य जाते. पुढे वात्स्यायन असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाचे इंग्रजी उच्चार परदेशी वळणाचे करण्यावर जे तास खर्च होतात, त्यांच्याकडे या भाष्याच्या नजरेतून पाहिले तर ते बरेचसे वाया जातात. उच्चार समजण्याजोगा असला की पुरे.

चर्चेचेही न्यायात तीन प्रकार आहेत. वादात दोन्ही पक्ष सत्य शोधतात, जल्पात जिंकायचे असते, आणि वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा खोडायचा असतो. ग्रुप डिस्कशनमध्ये पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याला आणि शेवटचा शब्द मिळवणाऱ्याला गुण मिळत असतील, तर तिथे जल्पच शिकवला जातो. अर्थात न्यायसूत्रे जल्पाला सरसकट टाकाऊ ठरवत नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण असावे, तसा तत्त्वाच्या रक्षणापुरता तो त्यांना चालतो. कुंपणालाच पीक समजू नये, एवढेच.

या भेदाची किंमत नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघातात दिसते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, यानाची रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरील बैठकीत नासाला सांगत होते की रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. कंपनीच्या व्यवस्थापनाने बैठकीतून बाजूला होऊन आपसांत विचार केला आणि अभियंत्यांची शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले, सात अंतराळवीर गेले.

पुढे आकडेवारीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी दोष अभियंत्यांच्या तक्त्यांना दिला: तापमान आणि ओ-रिंगचे नुकसान यांचा संबंध कोणत्याही एका आलेखात स्पष्ट दिसत नव्हता. त्या बैठकीत असलेले अभियंते रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहलेखकांनी ही टीका नाकारली. त्यांच्या मते टफ्टी यांना मुळात आकडेवारीच नीट कळलेली नव्हती. दोन्ही बाजूंत तथ्य शोधता येईल. पण त्या रात्री उड्डाण धोक्याचे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर आली होती. एरवी ते सुरक्षित आहे हे उड्डाणाच्या बाजूने सिद्ध व्हावे लागते. पुराव्याचे ओझे असे उलटले की आप्तवचनालाही जल्पाच्या आखाड्यात उतरावे लागते, आणि तिथे चांगला आलेख कितपत पुरा पडला असता याची शंकाच आहे.

म्हणून ऐकणाऱ्याचे शिक्षणही याच विषयात मोडते. खरे तर अधिस्वीकृतीच्या आधीच्या निकषांत सूचना स्पष्टपणे देण्याबरोबर त्या नीट घेण्याचाही उल्लेख होता, पण परीक्षा सूचना देण्याचीच होत असे. दुसऱ्या देशातल्या वरिष्ठासमोर ‘येस’ म्हणताना ते ‘कळले’ या अर्थाने आहे की ‘ऐकले’ या अर्थाने, हे स्पष्ट करण्याचा सराव वर्गात घेता येतो. अपुऱ्या आकडेवारीवर अहवाल लिहायला देऊन, त्यात काय माहीत नाही हे किती स्वच्छ लिहिले आहे यावर गुण देता येतात. तोच अहवाल दुसऱ्या विद्यार्थ्याकडून वाचून घेऊन त्याला काय समजले हेही तपासता येते. मात्र त्यासाठी नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षक एकाच वर्गात यावे लागतील.