भांडण कुणाशी आहे?

अवघड लेखक हाती घेतला की आधी त्याचं भांडण कुणाशी आहे ते शोधावं. सारांशाच्या पुस्तकात लेखकाचं उत्तर मिळतं, पण ज्या प्रश्नाने त्याची झोप उडवली तो प्रश्नच गळून जातो.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर लिहोत की नाट्यशास्त्रावर, समोरच्याची बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडत. पूर्वपक्ष मांडण्याची आपली जुनी शास्त्रीय रीतच ती. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, आता याला उत्तर काय? असं वाटलं की तो ग्रंथात शिरलाच म्हणायचा.

कवी मर्ढेकरांचं सौंदर्यशास्त्रावरचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ घ्या. नुसतं तेवढंच वाचायला बसलं तर माणूस चार पानांत दमतो. सौंदर्याची भावना वेगळ्याच जातीची, हा मर्ढेकरांचा आग्रह. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने 1924 मध्येच याच्या नेमकं उलट मांडलं होतं: कविता वाचणारं मन आणि सकाळी आवरून घराबाहेर पडणारं मन एकच. याच रिचर्ड्सवर कुरुंदकरांनी ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ लिहिली. आता गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक आठवा. त्यातल्या नायिकेचे, सिंधूचे हाल बघून प्रेक्षक रडतात आणि तरी पुन्हा तिकीट काढतात. हे दुःख घरातल्या दुःखासारखंच, की निराळं? जुन्या रसचर्चेतला अभिनवगुप्त म्हणतो, रस आनंदरूपच. ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र-गुणचंद्र म्हणतात, करुण रस दुःखाचाच. एवढा एक प्रश्न मनाला लागला, की हे सगळेच आपल्याशी बोलू लागतात. परिभाषा मग हळूहळू जमते.

लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहून मराठी वाचकाला कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांपर्यंत नेलं. तिथला प्रश्न आणि आपल्या गावकुसाबाहेरचा प्रश्न जवळचे होते, म्हणून ते लेखक परके वाटले नाहीत.

लातूरची मुलं प्रश्नसंच सोडवण्यात तरबेज आहेत. ती सवय इथे वाया जाणार नाही. फरक इतकाच, की पेपर दुसरा कुणीतरी काढतो, इथे प्रश्न आपला आपण काढायचा. गावच्या ग्रंथालयात मर्ढेकर आणि कुरुंदकर एकाच दिवशी मागून घ्या, आणि दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून वाचा.