बाळोत्यांची बादली

तान्हं बाळ असलेल्या घरात सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं: रात्रभरात साचलेली बाळोती धुणं. इंदूर-उज्जैन रस्त्यावरच्या सांवेरसारख्या गावात जुन्या सुती साड्या फाडून केलेल्या लंगोटांशेजारी आता बटणांचे, आत पॅड घालायचे तयार कापडी डायपरही दोरीवर दिसतात. वस्तू बदलली तरी ती धुण्याची रीत मात्र आजीला ठाऊक होती तीच आहे.

शी आधी संडासात टाकायची. मग कापड गार पाण्यात खळबळायचं. सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं, तर शीमधली प्रथिनं धाग्यांत घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. साबण लावायचा तो त्यानंतर, आणि पाणी बदलत राहायचं ते फेस पुरता जाईपर्यंत. कपड्यांना मऊपणा आणि सुगंध देणारं द्रावण इथे घालू नये; त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड ओल शोषेनासं होतं. बोअरिंगच्या जड पाण्यातल्या क्षारांनी सुती बाळोती ताठ झाली, तर शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू पिळावं. ओली बाळोती बादलीत फार वेळ साचू दिली, की जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. नाकात जाणारा तो उग्र वास येऊ लागला की समजावं, धुण्यात कुठेतरी कसर राहते आहे.

उरलेलं काम ऊन करतं. माळव्यातल्या स्वच्छ उन्हात पिवळे डाग फिके पडतात आणि जंतूही कमी होतात. पावसाळ्यात ऊन नसलं, की पूर्वी पेटत्या शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळोती वाळवत. आज इस्त्री फिरवता येते, पण ती फक्त सुती कापडावर. पाणी अडवणारा अस्तराचा थर उष्णतेने खराब होतो.

हे सगळं कशासाठी करायचं? वापरून फेकायचा डायपर घराबाहेर गेला, तरी तो नाहीसा होत नाही. 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं इंदूरने देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक राखला. तिथे कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे केले जातात आणि डायपरसारख्या कचऱ्यासाठी त्यांतला एक राखून ठेवलेला आहे. 2016च्या घनकचरा नियमांनीही असा कचरा नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. तो गाडीतून पुढे नेणारी, हाताळणारी माणसं आहेत म्हणूनच ना हा नियम! आपल्या बाळाची घाण आपल्याच अंगणात निस्तरणं म्हणजे त्या अनोळखी हातांचा मान राखणं.

पण कापड वापरलं एवढ्यावर हे काम संपत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008मध्ये दोन्ही प्रकारांचा हिशेब मांडला. कापडी लंगोट कढत पाण्यात धुतले आणि यंत्रात वाळवले, तर हवामानावरचा त्यांचा भार फेकायच्या डायपरपेक्षाही वाढू शकतो. तेच पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि पाठच्या भावंडालाही वापरले, तर तो बराच कमी होतो. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि थोरल्याची झबली-दुपटी धाकट्याला देण्याची रीतही आहे. पाण्याचा विचार मात्र करायला हवा. इंदूरचं सांडपाणी पोटात घेऊन कान्ह नदी सांवेरच्या परिसरातून उत्तरेला जाते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. आपल्या मोरीतलं पाणीही कुठेतरी जातच असतं. म्हणून साबण लागेल तेवढाच घ्यावा, आणि साबण नसलेलं शेवटचं खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याला वापरावं.

आणि या बादलीला हात कुणाचे लागतात? बाळंतीण रात्र रात्र जागते, दूध पाजते. बाळोतीही तिनेच धुवायची, नाहीतर आजीने किंवा धुणंवाल्या मावशींनी. एका थकलेल्या बाईच्या कंबरेवर उभं राहिलेलं पर्यावरणप्रेम खरं नव्हे. ज्या घरात हात अपुरे आहेत, तिथे रात्रीपुरता तयार डायपर वापरण्यात काहीही कमीपणा नाही. पण ज्या घरात बाबा आहेत, काका आहेत, आजोबा आहेत, तिथे अपुरे पडतात ते हात नव्हेत, मनं.

बाळाला कुशीत घेणं सगळ्यांनाच आवडतं. त्याची शी धुण्यातही तीच माया आहे, फक्त ती कुणी बघत नाही आणि उद्या पुन्हा करावी लागते. घरात तान्हं असेल, तर बाबांनो, आजची बादली तुम्ही उचला. उद्याचीही.