धर्माची गाय आणि चारची वेळ

"चारला येतो काका," असं सांगून तो माणूस आला नाही. पावणेपाचला फोन केला तर म्हणाला, "निघालोच." सहाला फोन बंद. दोन पोरांना शंभर-शंभर रुपये देऊन मी कपाट आतल्या खोलीतून दारापर्यंत ओढून आणलं होतं. त्या रात्री आम्ही नवरा-बायको अंग चोरून त्याच्या कडेने ये-जा करत होतो.

एकतीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, हे लिहिण्यात नोकरी सरली. चार म्हणजे चार, ही सवय निवृत्तीनंतर सुटत नाही.

कोथरूडची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत मावणार नाही असं बरंच सामान निघालं. गोदरेजचं कपाट, आईचं पायाचं शिलाई मशीन, ती गेल्यापासून माळ्यावर पडलेला तिचा वॉकर. मुलीने फोटो काढून एका साइटवर जाहिरात टाकली: मोफत, स्वतः येऊन न्यावे. तासाभरात तेवीस मेसेज आले. एकाने विचारलं, "लास्ट प्राइस काय?" मोफतची! दुसऱ्याला कपाट घरपोच हवं होतं, तेही तिसऱ्या मजल्यावर. तिसरा म्हणाला, टेम्पोचं भाडं आगाऊ पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढं ठाऊक होतं म्हणून वाचलो.

"अहो, भंगारवाल्याला द्या नि मोकळे व्हा," बायको म्हणाली. मला पटेना. दान सत्पात्री हवं, असं म्हणून मी गीतेचा सतरावा अध्याय उघडला. तिथे दानाचे तीन प्रकार आहेत. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला, परतफेडीची आशा न धरता, केवळ द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. अस्थानी, अवेळी, अपात्राला, मान न राखता दिलेलं ते तामस. माझं बोट पात्र या शब्दावर थांबलं. मग मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागलो: कशाला हवंय? घरी कोण कोण असतं? नक्की येणार ना? मान न राखणं हेही त्याच ओळीत आहे, हे वाचूनही मला दिसलं नव्हतं. मी दान देत नव्हतो, उलटतपासणी घेत होतो.

त्या तपासणीत एक गृहस्थ पहिल्या नंबराने पास झाले. "मुलीला शिवणक्लासला घातलंय," म्हणाले. मशीन त्यांना दिलं. आठच दिवसांनी ते त्याच साइटवर विक्रीला दिसलं, अडीच हजारांना. फोटोत टेबलाची कड स्पष्ट दिसत होती. आईने खिळ्याने कोरलेल्या इंचांच्या खुणा तिथे होत्या. सातवी खूण जरा तिरकी. मशीन आमचंच.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग विचार करू लागलो की नक्की दुखलं काय? धर्मशास्त्रात दानाचा अर्थ नेमका आहे: वस्तूवरचं आपलं स्वामित्व संपवायचं आणि दुसऱ्याचं उभं करायचं. म्हणून दान देताना पाणी सोडतात. हक्कावर उदक सोडणं हा आपला वाक्प्रचार तिथलाच. मी मशीन दिलं होतं, उदक सोडलं नव्हतं. वस्तू त्यांची झाली होती. त्यांनी ती वापरावी, विकावी, नाहीतर अडगळीत टाकावी. ते खोटं बोलले, ते मी माफ केलेलं नाही. पण खोटं बोलायची वेळ माझ्या प्रश्नाने आणली, हेही खरं. मोफत म्हणताना मी किंमत ठेवलीच होती. मला आवडेल अशी गोष्ट सांगायची, ही ती किंमत.

मग कठोपनिषद आठवलं. नचिकेताचा बाप यज्ञात गाई दान देतो, पण कशा? ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय, अशा. पोराला ते खटकतं आणि पुढचं सगळं उपनिषद त्या खटकण्यातून घडतं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही आपली म्हण घेणाऱ्याला गप्प बसवते. नचिकेताचं खटकणं मात्र देणाऱ्याला विचारतं, दात नसलेलीच का निवडलीस? माझं कपाट, मशीन, वॉकर म्हणजे त्याच गाई. मला द्यायचं कमी नि घालवायचं जास्त होतं.

त्याच कथेत पुढे नचिकेत यमाच्या दारी जातो, तर यम घरी नाही. पोरगं तीन रात्री उपाशी थांबतं. परतल्यावर यम प्रत्येक रात्रीपोटी एकेक वर देतो. म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याचं मोल असतं, आणि ते प्रत्यक्ष यमालाही चुकलं नाही. त्यामुळे येतो म्हणून न येणाऱ्याला मी निर्दोष ठरवत नाही. दान मी कपाटाचं मांडलं होतं, माझ्या दुपारचं नाही. मात्र राग धरून काय होणार? आरक्षण केलेला प्रवासी थांब्यावर नसला तर कंडक्टर शिव्या देत बसत नाही. डबल बेल मारतो, गाडी सुटते.

मी जाहिरात बदलली. वस्तू राखून ठेवली जाणार नाही. जो आधी दारात येईल त्याची. कारण विचारलं जाणार नाही. दारापर्यंत आला तो पात्र, एवढीच माझी व्याख्या उरली. कपाट दुसऱ्या दिवशी एक भाजीवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला.

वॉकरसाठी एक बाई आल्या. सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा, पीएमपीच्या बसने, दिलगिरीचा शब्द न काढता. वॉकर उलटा करून म्हणाल्या, "दोन पायांना बुचं नाहीत. फरशीवर सरकेल की!" धर्माची गाय माझ्या ओठांवर आली होती. पण त्यांचं बरोबर होतं. वॉकर सरकला तर पडणार होतं ते कुणाचं तरी माणूस. त्यांना बसायला सांगून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि रबराची दोन बुचं आणली. ऐंशी रुपये पडले. बाईंनी ती स्वतः दाबून बसवली आणि वॉकर खांद्याला अडकवून त्या बस थांब्याकडे गेल्या.

त्या महिन्यात घरातून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू मला नकोशी झालेली होती. अपवाद त्या दोन बुचांचा.