चकतीत नसलेला तारा

आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. भांडी आवरली की पुढची संध्याकाळ मोकळी. मुलाला हे ठाऊक. मागच्या हिवाळ्यात जर्मनीहून येताना त्यानं माझ्यासाठी प्लॅनिस्फिअर आणलं, म्हणजे ताऱ्यांचा फिरता नकाशा. “आई, गच्चीवर नुसती बसू नकोस, तारे ओळख,” म्हणाला.

वस्तू साधी. एकावर एक दोन चकत्या, मध्ये खिळा. खालचीवर तारे आणि कडेला तारखा. वरचीला लंबगोल खिडकी आणि कडेला वेळा. आजची तारीख आत्ताच्या वेळेसमोर आणली की खिडकीत आत्ताचं आकाश येतं. बेळगावात एक हिशेब जास्तीचा. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची आणि आपण ७४.५ वर, म्हणून घड्याळातून ३२ मिनिटं वजा करायची. एवढं जमलं आणि मला वाटलं, आपल्याला आकाश कळलं.

फेब्रुवारीतली रात्र, साडेनऊ झाले असतील. सासूबाई शाल पांघरून बसल्या होत्या. मृग आणि व्याध मी त्यांना दाखवले. त्यांनी व्याधाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला बोट केलं. “आणि तो अगस्ती.”

मी बॅटरी लावून चकती पाहिली. तिथं काहीच नव्हतं. “नाही हो आई, इथं अगस्ती नाहीच. दुसरं काहीतरी असेल.”

“असेल,” म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांची शाळा चौथीपर्यंत, मी बी.ए. माझ्या आवाजात तो फरक होता, हे मला त्याच वेळी ऐकू आलं होतं. तरी मी थांबले नाही.

तीन दिवसांनी मुलगा फोनवर म्हणाला, “आई, चकतीच्या तळाशी काय लिहिलंय बघ.” बारीक अक्षरात होतं : ५० अंश उत्तर. बेळगाव १६ अंशांच्या जरा आत. ५० अंशांवर अगस्त्य कधी उगवतच नाही. आमच्या गच्चीवरून मात्र तो क्षितिजापासून दोन मुठी वर येतो. ध्रुव चकतीपेक्षा फार खाली दिसतो, हेही मी पाहिलं होतं. पण तेव्हा मी चकतीवर शंका घेण्याऐवजी माझ्याच डोळ्यांवर घेतली.

प्रवचनात ‘स्यात्’ हा शब्द कितीदा ऐकला असेल! त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही. ‘एका अपेक्षेने’ असा आहे. मानही डोलावली असेल मी. पण गच्चीवर वेळ आली तेव्हा ‘या खिडकीत दिसत नाही’ असं न म्हणता मी ‘नाहीच’ म्हणाले. दोन्हींत एका शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दानं एका म्हातारीला मी खोटं पाडलं.

मग सगळ्यांचंच खरं मानायचं का? तसंही नाही. अगस्त्य इथून दिसतो, हा काही मताचा प्रश्न नव्हे. चकतीही खोटी नव्हती; आपण कुठल्या जागेवरून बोलतो ते तिनं प्रामाणिकपणे छापलं होतं. वाचलं नाही ते मी. माणसांच्या तळाशी मात्र असा आकडा छापलेला नसतो. माझ्या शिक्षणाचा, माहेरच्या वळणाचा, वयाचा अंश मलाच शोधून आधी सांगावा लागेल. सुना-मुलांच्या वागण्यावर मी आजवर जे निकाल दिले, त्यांतले किती परक्या अंशावरचे होते, ते मोजायला बसले तर झोप लागायची नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं, चुकलं म्हटलं. त्या म्हणाल्या, “आमचे वडील शेतावर दाखवायचे गं. पावसाळा सरताना पहाटे अगस्ती दिसला की ओढ्याचं पाणी निवळतं म्हणायचे.” चकतीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

मुलानं आता १६ अंशांची चकती छापून दिलीय. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर मी ती चिकटवली. तिच्या खिडकीत अगस्त्य आहे. ग्रह मात्र तिच्यातही नाहीत. ते जागा बदलतात, म्हणून कुठल्याच चकतीवर छापता येत नाहीत. परवा एक ठळक ठिपका दिसला, नकाशात नव्हता. मी आधी सासूबाईंना विचारलं.