परतीचं तिकीट

मी मूळची सोलापूरची. गेली अठरा वर्षं दिल्लीत आहे. दक्षिण दिल्लीतल्या एका वस्तीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतला जातो. तिथे मी शिकवते आणि परदेशातून वर्षभरासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांची सोयही पाहते. बहुतेक जण जर्मन. तिथल्या सरकारने २००८ साली सुरू केलेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ योजनेतून १८ ते २८ वर्षांची मुलंमुली अशा कामाला येतात.

त्यांचं वर्ष मला पाठ झालं आहे. सप्टेंबरात उत्साह, पंधरवड्यात पोट बिघडतं. नोव्हेंबरच्या धुरात खोकला, नाताळात घरच्या आठवणीने रडू. ‘माझा इथे उपयोग काय?’ हा प्रश्न जानेवारीत, रजईत पाय गुंडाळून विचारला जातो. होळीपर्यंत रिक्षावाल्याशी हिंदीत भांडता येतं. मग लू वाहू लागते आणि जायची तारीख दिसू लागते.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी परत गेली. आमची दहा वर्षांची एक विद्यार्थिनी तिला फार बिलगली होती. “दीदी कब आएगी?” ती रोज विचारायची. मला तिचं तोंड बघवेना. म्हणाले, “दिवाली के बाद.” दिवाळी गेली. पुढची दीदी आली, तेव्हा या पोरीने तिचं नावसुद्धा विचारलं नाही. “नाम याद करके क्या करना?” म्हणाली.

जायचंच आहे हे ठाऊक असताना जीव लावावा का? राहायचं नसेल तर येऊच नये, असं म्हणणारे भेटतात. सोलापूरकर म्हणून मला अशा वेळी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. कोटणीस तिथेच राहिले, चिनी शिकले, तिथे संसार मांडला आणि १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. बाकीचे चौघे परतले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. स्मारक कोटणिसांचं झालं, आणि ते योग्यच. पण परतलेल्यांनी घातलेले टाके काही कच्चे नव्हते. टाका घालणारा किती दिवस राहणार, हे जखम विचारत नाही.

मूल मात्र विचारतं. फरक इथे आहे. डॉक्टरने नीट हात चालवला की पुरतं; लळा लावणाऱ्याने आपली तारीखही सांगावी लागते. ती जर्मन मुलगी खोटं बोलली नव्हती. तिने सगळ्यांना सांगून निरोप घेतला होता. खोटं मी बोलले, इथे राहणारी. मी जाणार नाही, म्हणून तिच्या वतीने वचन द्यायचा हक्क मला आहे, असं मला वाटलं होतं. शिवाय ते वचन पोरीपेक्षा माझ्याच सोयीचं होतं.

आता नवा स्वयंसेवक आला की पहिल्याच आठवड्यात, मुलांसमोर, कॅलेंडरवर त्याच्या जाण्याच्या तारखेला गोल करतो. काही जणांना हे निष्ठुर वाटतं. यंदा मी गोल काढत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

“पक्का?”

“पक्का,” मी म्हणाले.

नव्या दीदीचं नाव तिने अजून विचारलेलं नाही. पण परवा तिच्याशेजारी जाऊन बसली.